भिंतीतला रिकामा पाइप

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सध्या रिडेव्हलपमेंटचं वारं आहे. दर रविवारी गच्चीवर मीटिंग. कार्पेट एरिया किती टक्के वाढवून मिळणार, भाडं किती महिन्यांचं आधी हातात पडणार, पार्किंग साधं की मशीनवालं, यावर तास-दीड तास सहज जातो. गेल्या मीटिंगमध्ये मी हात वर केला आणि म्हटलं, प्रत्येक फ्लॅटमध्ये चार-पाच जादा रिकामे पाइप टाकून द्यायची अट करारात घालूया. दोन सेकंद कोणी बोललं नाही. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "त्याला पाणी कॉर्पोरेशनचं की बोअरचं?"

काकूंची काही चूक नव्हती. पाइप म्हटलं की पुण्यात आधी पाणीच आठवतं. मी म्हणत होतो ते विजेच्या वायरी भिंतीतून ज्यात फिरतात ते पांढरे किंवा राखाडी पीव्हीसी पाइप. कागदावर त्यांना कॉन्ड्युइट म्हणतात, साइटवर नुसतं 'पाइप' किंवा 'कन्सील पाइपिंग'. लाइट-पंख्यांसाठी बिल्डर ते टाकतोच. मला हवे होते ते इंटरनेटच्या आणि टीव्हीच्या वायरींसाठीचे वेगळे पाइप, आणि त्यातलेही काही मुद्दाम रिकामे. रिकामे कशाला, हे त्या दिवशी काकूंना नीट सांगता आलं नाही, कारण लगेच पार्किंगचा विषय पुन्हा निघाला. म्हणून इथे सांगतो.

आमची बिल्डिंग १९९२ ची. तेव्हापासून आमच्या घरात खिडकीतून, दाराच्या फटीतून, नाही तर भिंतीला भोक पाडून काय काय शिरलं ते एकदा बसून मोजलं. आधी टेलिफोनची दोन तारांची वायर. मग केबलवाल्याची काळी जाड केबल, गच्चीवरून बाल्कनीत लोंबणारी. मग डिशची केबल. आधीची काढायचे कष्ट कोणी घेतले नाहीत, दोन्ही शेजारी शेजारी लोंबत राहिल्या. मग फोनच्याच तारेवरून ब्रॉडबँड. मग शेजारच्या बिल्डिंगवरून आंब्याच्या फांदीला गाठ मारून आणलेली इंटरनेटची निळी लॅन केबल. आणि आता फायबर, केसाएवढ्या काचेच्या धाग्याची ती चपटी वायर. टेलिफोन सोडला तर यातलं एकही बिल्डिंग बांधताना कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. घर चाळीस-पन्नास वर्षं टिकावं अशी आपली अपेक्षा, आणि वायर पाच-सात वर्षांत जुनी होते. पुढची वायर कसली असेल हे मी सांगू शकत नाही, वायरमन सांगू शकत नाही आणि ती विकणारा दुकानदार तर मुळीच नाही. तेव्हा आज कुठली वायर टाकावी यावर डोकं शिणवण्यापेक्षा, उद्याची कुठलीही वायर भिंत न फोडता जाईल अशी वाट ठेवणं सोपं पडतं.

हे ज्ञान मला २०१३ साली नव्हतं. तेव्हा आम्ही हॉलचं काम काढलं. टीव्ही भिंतीवर, सेट टॉप बॉक्स खाली कपाटात, मधली वायर दिसायला नको. कंत्राटदाराने भिंतीला झिरी मारली, २५ मिलिमीटरचा पाइप बसवला, वर-खाली दोन काटकोनी एल्बो लावले आणि पाइप जोडता जोडताच त्यात बारीक प्लगची एचडीएमआय केबल, म्हणजे बॉक्समधलं चित्र आणि आवाज टीव्हीला नेणारी वायर, घालून टाकली. वर प्लास्टर, पुट्टी, रंग. सुरेख दिसत होतं. सहा वर्षांनी फोर-के टीव्ही आणला आणि चित्र मधूनमधून काळं व्हायला लागलं. टीव्ही ठीक, बॉक्स ठीक. केबल जुन्या क्षमतेची. म्हटलं त्यात काय, नवी केबल जुनीच्या टोकाला बांधू आणि ओढू. जुनी केबल इंचभरही हलेना. खालचा प्लग कापून टाकला, तेव्हा फूटभर सरकली आणि वरच्या एल्बोत कायमची अडकली. नवीचा प्लग तर पाइपच्या तोंडातही शिरत नव्हता. शेवटी रंगवलेल्या भिंतीवरून वायर झाकायची पांढरी केसिंग पट्टी मारली. बायकोने तिच्यापुढे मनीप्लांट ठेवलाय.

वाय-फाय असताना वायर कशाला?

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. मोबाइलला, टॅबला वायर कोणी लावत नाही. पण वाय-फाय म्हणजे रेडिओच्या लहरी, आणि त्यांना भिंत ओलांडताना दम लागतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी जरा दूर जातात, पण त्या पट्ट्यात आपण, वरचे, खालचे आणि समोरचे असे सगळेच दाटीवाटीने बसलेले असतात. ५ गिगाहर्ट्झला वेग चांगला, पण एक-दोन भिंतींत तिची हवा जाते. त्यात पुण्याच्या नव्या टॉवरमधल्या भिंती. अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात, ज्याला सगळे 'मायव्हान' म्हणतात, त्या घरात विटेची भिंत जवळपास नसतेच. प्रत्येक भिंत म्हणजे आत लोखंडी जाळी असलेलं काँक्रीट. रेडिओ लहरींसाठी हा पिंजराच. हॉलमध्ये राउटर आणि मागच्या बेडरूममध्ये ऑफिसचा कॉल चालू असताना चेहरा थिजलेला, हे अशा घरांत रोजचं आहे.

त्यावर लोक मेश घेतात, म्हणजे दोन-तीन छोटे राउटर घरभर. तेही एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील तर हवेतली तीच जागा दोनदा खर्ची पडते आणि वेग बराच घटतो. त्यांना आपसात वायरने जोडलं की मात्र तीच यंत्रं वेगळी वाटावीत इतकी नीट चालतात. थोडक्यात, चांगल्या वाय-फायला भिंतीतली वायर लागते. पॅसेजच्या छताला एक अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारा डबा, बसवला आणि त्याला एकाच लॅन केबलमधून इंटरनेट आणि वीज दोन्ही दिली की काम झालं. केबलमधून वीज देण्याच्या या सोयीला पीओई म्हणतात. २००३ च्या पहिल्या मानकात एका केबलवरून १५.४ वॉट देता येत. २०१८ च्या मानकात ते ९० वॉटपर्यंत गेलं. दाराबाहेरचा कॅमेरा, व्हिडिओ डोअर फोन हेसुद्धा त्यावर चालतात. वेगळा प्लग नको, आणि राउटरपाशी छोटा यूपीएस ठेवला की महावितरणची वीज गेली तरी कॅमेरा आणि वाय-फाय दोन्ही जागे राहतात.

आता टीव्हीचं. इथे बहुतेकांचा एक गोंधळ होतो. फोर-के सिनेमा इंटरनेटवरून यायला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात. मग टीव्हीमागच्या त्या एचडीएमआय केबलचे एवढे लाड का? कारण इंटरनेटवरून येतं ते घडी घालून, दाबून भरलेलं चित्र असतं. बॉक्स ती घडी उलगडतो आणि एचडीएमआयमधून सगळं चित्र उघडं करून पाठवतो. हिशेब करून बघा: फोर-के चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, म्हणजे साधारण ८३ लाख. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रं. गुणाकार जातो सेकंदाला १२ अब्ज बिट, म्हणजे १२ जीबीपीएस. वरखर्च धरून २०१३ च्या एचडीएमआय २.० ने १८ जीबीपीएसची सोय केली, २०१७ च्या २.१ ने ४८ ची. माझ्या भिंतीतली केबल त्याआधीच्या, १०.२ जीबीपीएसवाल्या पिढीतली. ती बिचारी काळं चित्र दाखवणार नाही तर काय करणार!

म्हणूनच एचडीएमआय ही भिंतीत गाडायची वस्तू नव्हे. तिची पिढी बदलत राहते, आणि वेग वाढला तसा तांब्याच्या केबलचा पल्ला घटत गेला. १८ जीबीपीएसला साध्या केबलवर पाच मीटरच्या पुढे भरवसा नाही, ४८ ला तीन मीटरच्या आसपासच. प्रोजेक्टर छताला लावणार असाल आणि केबल दहा-बारा मीटर होत असेल, तर आत काचेचे धागे असलेली ऑप्टिकल एचडीएमआय घ्यावी लागते. ती पातळ असते, लांब जाते, पण तिला दिशा असते: एक टोक बॉक्सचं, दुसरं टीव्हीचं. उलटी ओढलीत तर पुन्हा पहिल्यापासून. काहींचं टोक सुटं होऊन लहान प्लग उरतो. पाइपमधून ओढायची असेल तर अशीच बघा.

लॅन केबल त्यामानाने दीर्घायुषी. आज घरात टाकायची तर कॅट-६ या दर्जाची टाका. १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस डोळे झाकून, आणि घरातल्या अंतरावर, म्हणजे पन्नासेक मीटरच्या आत, १० जीबीपीएससुद्धा ती पेलते. कॅट-६ए जाड, वळायला ताठ आणि महाग. फ्लॅटमध्ये तिची गरज मला तरी दिसत नाही. एक मात्र बघून घ्या. पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे आमच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात, किंवा कुठेही 'स्वस्तात कॅट-६' म्हणून जे बंडल मिळतं त्यात कधी कधी तारा अॅल्युमिनियमच्या असतात, वरून नुसता तांब्याचा मुलामा. टोक ब्लेडने खरवडलं की आतली चंदेरी तार दिसते. ती मानकात बसत नाही, पीओईला तापते आणि वाकवली की तुटते. बंडल हातात हलकं लागलं की संशय घ्यावा.

पाइप केवढा?

दुकानात २०, २५, ३२, ४० असे मिलिमीटरचे आकडे सांगतात. हा पाइपचा बाहेरचा व्यास. मध्यम जाडीच्या पाइपात आतली मोकळी जागा साधारण १७, २१, २८ आणि ३५ मिलिमीटर उरते. पाइपवर आयएस ९५३७ या भारतीय मानकाचा छाप असावा आणि 'लाइट' नको, 'मीडियम' मागा. लाइट पाइप स्लॅबवर मजुराच्या पायाखाली चेपतो.

आता २१ मिलिमीटरच्या पोकळीत ६ मिलिमीटर जाडीच्या किती केबल मावतील? हौशी माणूस कागदावर वर्तुळं काढून सात-आठ म्हणेल. मावतील, पण ओढता येणार नाहीत. नेहमीचा नियम असा की तीन किंवा अधिक केबल असतील तर पोकळीचा ४० टक्केच भाग भरायचा. हिशेब सोपा आहे, कारण गोलाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या पटीत वाढतं. २१ चा वर्ग ४४१, त्याचे ४० टक्के १७६. एका केबलचा वर्ग ३६. म्हणजे चार केबल आरामात, पाचवी ओढताना शिव्या. २० च्या पाइपात याच हिशेबाने तीन, आणि वळणं असतील तर दोनच धरा. ३२ मध्ये आठ. २० आणि २५ च्या पाइपच्या किमतीत फारसा फरक नसतो. खरा पैसा झिरी मारायच्या मजुरीत जातो. त्यामुळे नेटवर्कसाठी २५ च्या खाली मी जाणार नाही.

एचडीएमआयचा हिशेब निराळा. तिथे केबल नाही, प्लग आडवा येतो. नेहमीचा प्लग साधारण २० मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर जाड. कोपऱ्यातून कोपऱ्यात २३ च्या आसपास. म्हणजे माझ्या २१ च्या पोकळीत तो शिरायचा प्रश्नच नव्हता, हे मला एका पट्टीने मोजून २०१३ मध्येच कळलं असतं. ३२ च्या पाइपात सरळ रेषेत जाईल, वळणावर अडकेल. टीव्हीच्या मागून खालच्या कपाटापर्यंत ४० चाच पाइप हवा.

इथे एक अडचण येते. चार इंची भिंतीत ४० च्या पाइपची झिरी म्हणजे भिंत जवळजवळ निम्मी खाणं. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा, हा जुना ठोकताळा आहे आणि तो पाळावा. आडवी झिरी भिंतीला जास्त कमजोर करते हे बऱ्याच वायरमनना माहीत असतं, पण अंतर कमी पडतं म्हणून तीच मारली जाते. कॉलम आणि बीमला तर हात लावायचाच नाही. मग ४० चा पाइप कुठे घालायचा? हल्ली टीव्हीमागे लाकडी पॅनेल करायची पद्धत आहे. सुताराला सांगून त्या पॅनेलच्या मागे पोकळी ठेवा, पाइप तिथून न्या, किंवा वर-खाली झाकण असलेली नुसती पोकळीच ठेवा. भिंतही वाचते आणि प्लगही जातो.

वळणं

पाइप केवढा यापेक्षा तो किती वळतो हे जास्त महत्त्वाचं, आणि नेमकं याकडेच साइटवर कोणाचं लक्ष नसतं.

गावाकडे उधळलेला बैल आवरताना दोरी खुंटाला दोन वेढे देऊन धरतात. मग पोरगंही तो बैल धरून ठेवतं, कारण ताकद पोराची नसते, वेढ्यांच्या घर्षणाची असते. प्रत्येक वेढ्यागणिक ते घर्षण नुसतं वाढत नाही, पटीत वाढतं. पाइपातल्या वळणावर केबलचं हेच होतं; फक्त इथे बैल आपण असतो. प्लास्टिकच्या पाइपात प्लास्टिकच्या आवरणाची केबल ओढताना प्रत्येक काटकोनात ओढ साधारण दुप्पट होते. पहिल्या वळणाआधी दोन किलोचा जोर लागत असेल तर एका वळणानंतर चार, दुसऱ्यानंतर आठ, तिसऱ्यानंतर सोळा. आणि लॅन केबलला ११ किलोच्या वर ओढायचंच नसतं. तांदळाच्या दहा किलोच्या पिशवीपेक्षा जेमतेम जास्त. त्याहून जोर लावला की आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ ताणला जातो. केबल तुटत नाही, राउटरवरचा दिवाही लागतो, पण वेग १ जीबीपीएसवरून १०० एमबीपीएसवर येऊन बसतो आणि कारण कोणालाच सापडत नाही.

म्हणून दोन खोक्यांच्या मध्ये काटकोनी वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. तिसरं वळण अटळ असेल तर मध्ये एक जंक्शन बॉक्स टाका, जिथून केबल बाहेर काढून पुन्हा आत सोडता येईल. तो बॉक्स प्लास्टरखाली बुजवू नका. 'दिसायला बरं दिसत नाही' म्हणून पीओपीवाले हे काम आवडीने करतात. एल्बो वापरू नका. लांब बेंड घ्या, किंवा पाइपात स्प्रिंग घालून तो हाताने वळवा. वळणाची त्रिज्या पाइपच्या आतल्या व्यासाच्या सहापट हवी. २५ च्या पाइपला हे साधारण पाच इंच होतात. कोऱ्या विटेच्या भिंतीवर खडूने तो गोल काढून द्या, नाही तर वायरमन सवयीने काटकोनच मारेल. नागमोडी फ्लेक्सिबल पाइप वळायला सोपा म्हणून सुचवला जातो. त्याच्या आतल्या वळ्या केबलला पकडतात; फॉल्स सीलिंगच्या वर हातभर ठीक, भिंतीत नको.

आणि एक युक्ती. वळणं ज्या टोकाजवळ असतील त्या टोकाने केबल आत सोडा आणि दुसऱ्या टोकाने ओढा. सुरुवातीला ओढ कमी असते, तेव्हाच वळणं आली तर दुप्पट होऊनही ती थोडीच राहते. उलट केलंत तर शेवटी वाढलेली ओढ दुप्पट होते.

विजेच्या पाइपात लॅनची वायर घालायची नाही, एवढं एक वाक्य पुरेसं होतं, पण 'जागा आहे की त्यात' असं म्हणणारे भेटतात. २३० व्होल्टच्या वायरीचं आवरण कधी तरी सोलवटलं तर तो करंट तुमच्या लॅपटॉपपर्यंत यायला नको, हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे गोंगाट: गीझर किंवा एसीच्या वायरीला चिकटून समांतर गेलेल्या केबलमध्ये खरखर शिरते. पाइप वेगळा, आणि समांतर जाताना फूटभर अंतर. ओलांडायचाच असेल तर काटकोनात. फायबर काचेचं असल्याने त्याला गोंगाटाचं काही नाही, पण तेही वेगळ्याच पाइपातून. नेटवर्कच्या पाइपचा रंग वेगळा घेतला तर पुढच्या वायरमनला विचारावं लागत नाही.

कुठून कुठे

टेलिफोनच्या जमान्यात एका खोलीतून पुढच्या खोलीत अशी साखळी करायचे. नेटवर्कला ती चालत नाही. घरात एक जागा ठरवायची आणि प्रत्येक पाइप थेट तिथेच आणायचा, उन्हाळ्यातल्या पाणपोईवर सगळ्या वाटा याव्यात तसा. ती जागा कुठली? बिल्डर बऱ्याचदा दाराच्या मागे एक पत्र्याचा छोटा डबा देतो आणि त्यातच राउटर बसवा म्हणतो. पत्र्याच्या डब्यात वाय-फाय कोंडणं म्हणजे मडक्यात तोंड घालून हाक मारणं. शिवाय आत उकडतं. त्या डब्यात फायबरचं टोक राहू दे. पण तिथून घराच्या मधोमध, एखाद्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात किंवा पॅसेजच्या लॉफ्टखाली, दोन पाइप न्या, आणि तिथे दोन-तीन प्लग पॉइंट आणि हवा खेळेल अशी जाळी ठेवा. बाथरूमची ओल येणारी भिंत टाळा.

मग तिथून टीव्हीमागे दोन पाइप: एकात लॅन, एक रिकामा. प्रत्येक बेडरूमला एक, आणि टेबल ज्या भिंतीला लागणार आहे त्याच भिंतीला, दाराजवळच्या स्विचबोर्डात नको. पॅसेजच्या छताला एक. मुख्य दाराच्या चौकटीशेजारी एक. बाल्कनीत एक. प्रोजेक्टरचा विचार मनात डोकावून गेला असेल तरी छतापर्यंत ४० चा एक. गच्चीवर किंवा डक्टमध्ये जाणारा पाइप असेल तर त्याचं वरचं तोंड छत्रीच्या दांड्यासारखं खाली वळवा. नाही तर जुलैत तुमच्या टीव्हीच्या बोर्डातून पाणी ठिबकेल, आणि काकूंच्या प्रश्नाला वेगळाच अर्थ येईल.

मायव्हानच्या इमारतीत हे सगळं ठरवायची वेळ फार लवकर येते. तिथे भिंतीचं काँक्रीट ओतण्याआधी पाइप सळ्यांना बांधून घ्यावे लागतात. नंतर झिरी मारता येत नाही, कारण ती भिंतच इमारतीचं वजन पेलत असते. ताबा मिळाल्यावर जागं होऊन उपयोग नाही. आमच्यासारख्या रिडेव्हलपमेंटवाल्यांनी कराराला जोडलेल्या सोयींच्या यादीत हे लिहून घ्यावं: कुठून कुठे, किती मिलिमीटर, किती नग. 'नेटवर्क पॉइंट' एवढंच लिहिलंत तर हॉलमध्ये एक सॉकेट मिळतं आणि त्यामागे बऱ्याचदा काहीच जोडलेलं नसतं.

आता रिकाम्या पाइपविषयी शेवटचं. तो खरोखर रिकामा ठेवायचा नाही, आत नायलॉनची दोरी ठेवायची. बाइंडिंगची तार गंजते, सुतळी कुजते. पाइप टाकल्याबरोबर दोन्ही तोंडांना टोप्या लावा, नाही तर गिलाव्याचा माल आत पडून सुकतो आणि पाइप जन्माचा बंद.

गेल्या वर्षी धायरीला मावसभावाच्या बंगल्यावर आम्ही हे तपासलं. अकरा पाइप, सगळे प्लास्टरखाली गेलेले, दोरी एकातही नाही. वायरमन मामा स्टीलची वायर घेऊन बसले होते. लांब पाइपात ती दुसऱ्या वळणावर जाऊन थांबायची. मी घरून व्हॅक्यूम क्लीनर नेला होता. मामा म्हणाले, "साहेब, हे झाडायचं मशीन आहे." दुधाच्या पिशवीचा एक तुकडा चुरगाळून त्याला शिलाईचा दोरा बांधला, गोळा पाइपच्या एका तोंडात सोडला, दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूमची नळी लावून भोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि बटण दाबलं. दोऱ्याचं रीळ भावाच्या बोटात गरगर फिरायला लागलं. चौदा मीटर, दोन वळणं. चार-पाच सेकंदांत पिशवीचा तुकडा नळीत येऊन फडफडला. दोऱ्याला नायलॉन दोरी बांधून ओढली की झालं. मामांनी पुढचे सगळे पाइप स्वतः केले आणि मशीन मला हात लावू दिलं नाही. नवव्या पाइपाला मात्र ओढच लागेना. भिंतीवर टकटक करत गेल्यावर खिडकीखाली माल साचलेला सापडला. रंग लागायचा होता, म्हणून वीतभर फोडून भागलं.

त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढायला हवा होता, पण प्लास्टर आधीच झालेलं. तुमचं व्हायचं असेल तर प्लास्टरच्या आदल्या दिवशी मोजपट्टी भिंतीला चिकटवून फोटो काढा, जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती हे दिसेल असे. ते छापून डीबीच्या, म्हणजे विजेच्या मुख्य स्विचांच्या डब्याच्या, दाराच्या आत चिकटवा. पुढे कोणी भिंतीत खिळा ठोकायला आलं तर आधी तिथे बघेल. फोन बदलला की फोटो सापडत नाहीत.

आमच्या सोसायटीच्या यादीत पाइपचा मुद्दा शेवटी सतराव्या क्रमांकावर गेला, 'गच्चीवर कपडे वाळवायच्या तारा' याच्या खाली. काकूंनीच अनुमोदन दिलं. त्यांच्या नातवाचा ऑनलाइन क्लास मागच्या खोलीत अडकतो. माझी ती २०१३ ची एचडीएमआय केबल अजून भिंतीतच आहे. बिल्डिंग पडेल तेव्हा सुटेल.